मागच्याची धाव

फुटबॉलच्या मैदानावर आक्रमण कोण करतो, असे विचारले तर उत्तर अगदी सोपे वाटते. जे पुढे उभे असतात ते आक्रमण करतात आणि जे मागे उभे असतात ते बचाव करतात. पुढच्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात. मागच्यांची नावे आपल्यावर गोल झाला म्हणजेच लोकांना आठवतात. ही समजूत इतकी रुजलेली आहे की ती खेळापुरती राहिलेली नाही. घरात, गावात आणि धर्मग्रामातही आपण माणसांची वाटणी अशीच करीत असतो. या समजुतीची थोडी झाडाझडती घ्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना फुटबॉल नवा नाही. वसईत, वांद्र्यात, गोव्यात सणाची मिस्सा आटोपली की दुपारी मैदानावर सामना पाहायला जाणारी कुटुंबे पुष्कळ. आम्ही सध्या ज्या नातेपुते गावी राहतो तेथे मात्र तसे नाही. सोलापूर जिल्ह्याच्या एका टोकाला, माळशिरस तालुक्यात हे गाव वसलेले आहे. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामास असते. लोकांची आवड कुस्तीची, कबड्डीची आणि खो-खोची. आपल्या लोकांची घरे मोजकीच. अशा ठिकाणी आम्ही फुटबॉल आणला तो सेमिनरीतल्या जुन्या सवयीमुळे. सेमिनरीत सायंकाळची घंटा झाली की पुस्तके मिटून मैदानावर जाणे हा दिनक्रमाचाच भाग होता. पन्नाशी उलटल्यावर पाय पूर्वीसारखे चालत नाहीत, पण शिट्टी फुंकता येते. शिवाय कुस्तीच्या मातीत फुटबॉल रुजत नाही असेही नाही. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशी तालमींची नावे तेथील शाहू स्टेडियमवर आजही गर्जतात.

आमचे मैदान म्हणजे गावाबाहेरचा एक पडीक तुकडा. गोलखांब बांबूचे. शाळा सुटल्यावर पंधरा-वीस मुले जमतात. त्यांत आपली थोडी, गावातली इतर अधिक. गोलरक्षक धरून आठ-आठ जणांचे दोन संघ आम्ही करतो: मागे तिघे, मध्ये एक, पुढे तिघे. कागदावर ही मांडणी छान दिसते. प्रत्यक्षात प्रत्येकाला पुढेच उभे राहायचे असते. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी सगळी मुले चेंडूला लागतात आणि मागचे अर्धे मैदान ओस पडते.

दिवाळीनंतर या परिसराचे रूप पालटते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊन उतरतात. शिवाराच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. तोडणीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्यारावर होते. त्यांच्याबरोबर मुलेही येतात. त्यांतली चार-पाच मुले सायंकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभी राहू लागली, तेव्हा आम्ही त्यांना आत बोलाविले. गावातल्या मुलांनी विरोध केला नाही, मात्र एक नियम आपणहून घालून दिला. "कोपीवरची पोरं मागं उभी राहत्याल, फादर. ती काय, चार महिन्यांनी जायचीच. आन् मागं कोणीबी चालतंय."

"मागं कोणीबी चालतंय" हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. फुटबॉलचा इतिहास जो थोडाफार आम्हांला ठाऊक आहे, तो या वाक्याच्या अगदी उलट बोलतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जी मांडणी प्रचलित झाली ती २-३-५ अशी होती. गोलरक्षकापुढे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे तिघे आणि आघाडीवर तब्बल पाच जण. वरून पाहिले तर उलटा ठेवलेला मनोराच. पुढे पाच जण म्हणजे आक्रमण केवढे जोरदार, असे वाटेल. पण ऑफसाइडचा त्या काळचा नियम कडक होता. पुढच्या खेळाडूकडे चेंडू दिला जातो त्या क्षणी त्याच्यापुढे प्रतिपक्षाचे किमान तीन जण असावे लागत. चतुर बचावपटू नेमक्या वेळी दोन पावले पुढे सरकत आणि पाचांची आघाडी एका शिट्टीत निकामी होई. १९२५ साली तिनाचे दोन झाले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा आर्सेनल संघाचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला एक जण काढून बचावात नेला आणि पुढच्या पाचांपैकी दोघांना थोडे मागे ओढले. खेळाडूंची ही ठेवण इंग्रजी 'डब्ल्यू' आणि 'एम' या अक्षरांसारखी दिसते म्हणून तिला तेच नाव पडले. पुढची माणसे पाचांची तीन झाली, तरी १९३० च्या दशकातला आर्सेनल हा इंग्लंडचा सर्वांत यशस्वी संघ ठरला. पुढे किती उभे आहेत यापेक्षा तेथवर चेंडू कोण आणि कसा पोहोचवितो, याला किंमत आली.

पुढचे पाऊल हंगेरीने टाकले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. आघाडीच्या मधोमध खेळणारा नांदोर हिदेगकुती त्या दिवशी आपल्या ठरलेल्या जागी उभाच राहिला नाही. तो मागे, मधल्या फळीकडे सरकला. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या इंग्लंडच्या बचावपटूपुढे पेच पडला. त्याच्यामागे जावे तर गोलासमोर खिंडार पडते. जागेवर थांबावे तर हिदेगकुती मोकळा सुटतो. त्या सामन्यात हिदेगकुतीने तीन गोल केले. आघाडीवीराने आघाडी सोडली आणि आघाडी धारदार झाली. जागा अडवून बसणे आणि जागा मोकळी करून देणे, यांतले दुसरे काम अधिक अवघड असते, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले.

मग आले १९५८ साल आणि ब्राझील. त्यांची मांडणी ४-२-४. चार मागे, चार पुढे आणि मध्ये फक्त दोन. हा व्यूह आक्रमक म्हणून गाजला, परंतु त्यात एक उघड कच्चा दुवा होता. मधल्या दोघांवर एवढ्या मैदानाचा भार पडला तर ते दमून जाणार. ब्राझीलने त्यावर दोन तोडगे काढले. एक, टोकाच्या बचावपटूंनी संधी दिसताच कडेकडेने थेट पुढे धावायचे. दोन, अशा वेळी पुढच्यांपैकी कोणीतरी मागे यायचे. त्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रियाविरुद्ध डावा बचावपटू निल्टन सांतोस चेंडू घेऊन आपल्या बाजूने निघाला. प्रशिक्षक काठावरून त्याला मागे फिरण्यास सांगत होते, असे सांगतात. तो फिरला नाही आणि त्याने गोल केला. ब्राझीलने तो सामना ३-० असा आणि पुढे विश्वचषकही जिंकला. निल्टनच्याच बाजूने पुढे खेळणारा मारिओ झगालो हा मागे येऊन मधल्यांना हात देण्याबद्दल ओळखला जाई. त्याच्यामुळे ४-२-४ चे हळूहळू ४-३-३ झाले. निल्टनच्या धावेचे कौतुक सर्वांनी केले. झगालोच्या परतण्याकडे जाणकारांनीच पाहिले. पण एकाचे परतणे नसेल तर दुसऱ्याची धाव हा केवळ जुगार ठरतो.

हे सारे आम्हांला आठवले ते कोपीवरच्या एका मुलामुळे. वय असेल तेरा-चौदा. लांब पायांचा, अबोल. पहाटे आईबापांबरोबर फडात जाऊन मोळ्या बांधू लागायचा, त्यामुळे सायंकाळी कधी यायचा, कधी नाही. अर्थातच त्याला मागे, डाव्या टोकाला उभे केले होते. एके दिवशी चेंडू त्याच्या पायाशी आला आणि समोर मोकळे रान दिसले. तो निघाला. डाव्या कडेने, कोणाकडे न पाहता, थेट प्रतिपक्षाच्या कोपऱ्यापर्यंत. तेथून त्याने चेंडू आत मारला आणि गोल झाला. मुले अवाक् झाली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच निघाला. या वेळी चेंडू मध्येच गेला. त्याची मागची जागा मोकळी होती, त्याच वाटेने आमच्यावर गोल झाला. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. "जागा सोडून पुढं कशाला मरायला आलतास?"

त्याच्यापुढे डाव्या टोकाला खेळतो तो मुलगा आपल्यांपैकीच एका घरातला. खेळ चांगला आहे. आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, "तो पुढे गेला तेव्हा तू कोठे होतास?"

"माझ्या जागेवर, फादर."

"आणि त्याची जागा?"

"ती त्याची हाय की."

"तो पुढे गेला की ती तुझी. तो परत आला की पुन्हा त्याची."

मुलगा गप्प राहिला. ही गोष्ट सांगायला एक वाक्य पुरते. अंगवळणी पडायला महिना लागतो. मागे धावत येण्यात टाळ्या नसतात. शिवाय येथे आणखी एक अडचण होती आणि तिचा फुटबॉलशी संबंध नव्हता. ती पुढच्या रविवारी मिस्सेनंतर पुढे आली. मुलाचे वडील थोडे थांबून आमच्याकडे आले.

"फादर, राग मानू नका. एक इचारू का?"

"विचारा की."

"आमच्या पोरानं त्या कोपीवरच्या पोराच्या मागं मागं पळायचं, हे काय बरं दिसत न्हाई. त्यो चार महिन्यांचा पाव्हणा. आमचा हितलाच. मागची जागा त्यानं सांभाळायची, आन् आमच्यानं पुढं खेळायचं, असंच की न्हाई?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. बापाचे मन होते आणि गावाची रीत होती. या भागातून पालखी जाते तेव्हा रथापुढच्या दिंड्या कोणत्या आणि रथामागच्या कोणत्या, हा क्रम ठरलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला जातो आणि त्यामुळेच एवढा मोठा समुदाय विनातक्रार चालतो. क्रमाला असा मान देणाऱ्या मुलखात 'आज तू पुढे, मी मागे' ही भाषा लवकर पटत नाही. तेव्हा वेम्बली आणि ब्राझील बाजूला ठेवून आम्ही त्यांना त्यांच्याच खेळाची आठवण दिली. शाळेत असताना ते खो-खो खेळत असत.

"अहो, तुम्ही पाठलाग करीत असताना एखाद्याला खो दिलात, की पुढे काय करीत होता?"

"काय करायचं? बसायचं. जो उठला त्याच्या जागी."

"तो कोणाचा कोण, हे पाहून बसत होता?"

ते हसले. "तेवढा वेळ कुठला गावतोय, फादर?"

खो-खो हा आमच्या दृष्टीने आक्रमणाचा सर्वांत स्वच्छ धडा आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात. त्यांपैकी आठ बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. धावतो तो एकटाच. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणजे एकट्याने कितीही जोरात धावले तरी चपळ गडी सुटूनच जाणार. आक्रमणाची खरी ताकद बसलेल्या आठांत असते. धावणारा योग्य क्षणी आपली धाव दुसऱ्याच्या स्वाधीन करतो आणि स्वतः त्याची जागा घेऊन बसतो. गंमत अशी की मराठी भाषेत 'खो घालणे' म्हणजे अडथळा आणणे. खेळात मात्र खो देणे म्हणजे काम पुढे नेणे. धाव सोडून देणारा आणि धाव घेणारा, दोघे मिळून एक आक्रमण होते. फुटबॉलमध्ये कोणी पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणत नाही, एवढाच फरक. तेथे मोकळी जागाच खो देते. ती ओळखता आली पाहिजे.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण येथे सांगतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८८७ साली सेल्टिक नावाचा संघ स्थापन झाला. त्यामागे ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट व्रतस्थाची प्रेरणा होती. शहराच्या पूर्व भागातील गरीब मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून सामन्यांतून निधी उभा करावा, हा हेतू. याच सेल्टिकने २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात मिलानच्या इंटर संघाला २-१ असे हरविले. इंटरच्या बचावाला इटालियन भाषेत जे नाव होते त्याचा अर्थ दाराचा अडसर. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल करून इंटरने तो अडसर घालून घेतला. सेल्टिकच्या पुढच्यांनी तासभर धडका दिल्या. अखेर बरोबरीचा गोल केला तो डावा बचावपटू टॉमी गेमेल याने, आणि त्याला चेंडू दिला तो उजवा बचावपटू जिम क्रेग याने. एका मागच्याने दिलेला पास आणि दुसऱ्या मागच्याने केलेला गोल! पुढच्यांनी अडसराला गुंतवून ठेवले म्हणूनच या दोघांना वाट मिळाली. त्या संघातले सर्व खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरातले. लांबून विकत आणलेला एकही नव्हता.

आपल्या देशातही हा धडा गिरविला गेला आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे नमविले. या पराभवांतून भारतीय संघाला वर काढले ते सय्यद अब्दुल रहीम यांनी. हैदराबादचे हे गृहस्थ मुळात शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. चेंडू पायात घोळवीत एकट्याने पुढे जाण्याची आपल्या खेळाडूंची सवय मोडावी म्हणून ते मुलांसाठी अशा स्पर्धा भरवीत की ज्यांत चेंडू घोळविण्यास मनाई असे. दुबळा पाय तयार व्हावा म्हणून त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या. भारतात ४-२-४ ची मांडणी रुजविण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपान्त्य फेरी गाठली आणि चौथे स्थान मिळविले. त्या सामन्यात तीन गोल केले ते नेव्हिल डिसोझाने. मूळचा गोव्यातील आसगावचा, मुंबईच्या टाटा संघाचा हा खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे ते १९६२ साल. जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे थायलंडविरुद्ध आपला भक्कम मधला बचावपटू जर्नेल सिंग याच्या डोक्याला जखम झाली आणि टाके घालावे लागले. बचावात खेळविणे धोक्याचे आणि वगळणेही परवडणारे नाही. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीच्या मधोमध उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. प्रेक्षकही भारताच्या विरोधात होते. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि थोड्याच मिनिटांत दुसरा गोल जर्नेलने. भारत २-१ असा जिंकला. जर्नेल पुढे जाऊ शकला, कारण मागे त्याची जागा भरून काढायला अरुण घोष होते. मधल्या फळीत कोलवाळचे फोर्चुनातो फ्रँको होते. गोव्यात जन्मलेले, मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले. सुवर्णपदकाच्या गोष्टी सांगताना गोल करणाऱ्यांची नावे प्रथम येतात. फ्रँको २०२१ साली निवर्तले, तेव्हा कित्येकांना ते त्या संघात होते हे नव्याने कळले. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने आजारी होते; पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरचा 'मैदान' हा चित्रपट २०२४ साली आला आणि तोवर त्यांचे नाव विसरलेल्या देशाला त्यांची ओळख पुन्हा झाली.

आमच्या मैदानावर सुवर्णपदके नाहीत. जानेवारीत कधीतरी एका सायंकाळी आम्हांला दिसले की कोपीवरचा मुलगा पुढे धावला आणि आपला मुलगा, कोणी न सांगता, मागे सरकला. चेंडू गेला, प्रतिपक्ष त्याच वाटेने आला आणि समोर तो उभा होता. त्याने चेंडू अडविला आणि पुन्हा पुढे पाठविला, त्याच मुलाकडे. गोल झाला नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. आम्ही मात्र शिट्टी हातात धरून काही क्षण तसेच उभे राहिलो. त्यानंतर दोघांची अशी काही जोडी जमली की कोण पुढचा आणि कोण मागचा, हे पाहुण्याला सांगता आले नसते. खेळताना ते एकमेकांना नावाने हाका मारू लागले. तोवर एक नुसता 'कोपीवरचा' होता.

मार्चमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला. एका सकाळी मोकळ्या झालेल्या फडाच्या कडेला ट्रॅक्टर उभे राहिले. कोप्या मोडल्या, भांडीकुंडी, शेळ्या, गाठोडी ट्रॉलीत चढली. तो मुलगा वरच बसला होता. आम्ही त्याला गावी जाऊन शाळेत नाव पुन्हा घालण्यास सांगितले. त्याने मान हलविली. त्या मान हलविण्यावर किती विसंबावे, हे आम्हांस कळेना. वर्षातले चार-पाच महिने ज्याची शाळा बुडते, त्याची जागा वर्गात कोण राखून ठेवतो? मैदानावर मागे सरकणारा एक जोडीदार त्याला मिळाला. त्याच्या आयुष्यात त्याच्यासाठी मागे सरकणारे कोण आहे, हा प्रश्न त्या ट्रॉलीमागच्या धुळीबरोबर आमच्याकडे राहिला.

त्या सायंकाळी डाव्या बाजूची मागची जागा मोकळी होती. नेहमीची भांडणे सुरू झाली. मागे जायला कोणी तयार होईना. तेव्हा आपला मुलगा मुकाट्याने तेथे जाऊन उभा राहिला. सामना सुरू झाल्यावर पहिल्याच संधीला तो चेंडू घेऊन डाव्या कडेने पुढे सुटला. मागून कोणीतरी ओरडले, "आरं, जागा!" तो धावता धावता ओरडला, "तू ये की मागं!"

पुढच्या रविवारी त्याचे वडील भेटले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. जाताना त्यांनी विचारले, "फादर, ती टोळी पुढल्या साली हितंच येणार का?" मुकादम कोणाची उचल घेतो यावर ते अवलंबून आहे, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, "आली तर बरं हुईल. पोरगं इचारतंय."

वाचकहो, संत पौलाने करिंथ येथील श्रद्धावंतांना शरीराच्या अवयवांचा दृष्टान्त देऊन जे समजाविले, ते आपण दरवर्षी उपासनेत ऐकतो. ऐकून घरी जातो आणि सणाच्या तयारीची सभा भरली की पुन्हा पुढच्या पाच जागांसाठी दाटी करतो. व्यासपीठावर कोण बसणार, मिरवणुकीत क्रूस कोण धरणार, यावर चर्चा लांबते. मंडप आवरायला कोण थांबणार, यावर होत नाही. धर्मग्रामात नव्याने येऊन राहिलेले, कामधंद्यासाठी चार महिने येणारे, ज्यांचे आडनाव कोणाला ठाऊक नाही, असे लोक शेवटच्या बाकावर बसतात. 'मागं कोणीबी चालतंय' हे आपण तोंडाने बोलत नाही इतकेच.

मागे बसलेल्यांना एखाद्या दिवशी पुढे बोलाविणे सोपे आहे. तेवढ्याने काम होत नाही. ते पुढे येतील तेव्हा त्यांची मागची जागा सांभाळायला आपल्यांपैकी कोणीतरी उठावे लागते. त्यांच्या लेकरांकडे पाहावे लागते, त्यांचे राहिलेले काम करावे लागते, आणि तेही नावाशिवाय. शंभर वर्षांत फुटबॉलच्या पुढच्या फळीतली माणसे पाचांवरून कमी होत गेली, काही संघांत तर एकावर आली. तरीही आक्रमण थांबले नाही, कारण मागच्यांना धावण्याची मुभा मिळाली आणि पुढच्यांनी परतण्याचे कष्ट घेतले.

दिवाळीनंतर पुन्हा टोळ्या येतील. तोच मुलगा येईल की दुसरा, सांगता येत नाही. आमच्या मुलांनी मात्र या वेळी त्यांना कोठे उभे करायचे याचा विचार आतापासून सुरू केला आहे आणि त्यावरून त्यांच्यात रोज सायंकाळी वाद होतात. आम्ही ते वाद मिटवीत नाही.